उतावीळपणा मोजणारी व्हीआर चाचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरच्या आमच्या चाचणीच्या खोलीत फोन येतात ते उदगीर, अहमदपूर, अंबाजोगाई, कळंब, कधी थेट हिंगोलीहून. विचारणारे आई-बाप असतात, शाळेतले सर-मॅडम असतात, मानसशास्त्रात एम.ए. करणारी मुलं असतात. आमच्याकडे लेकरू डोळ्यांवर हेडसेट लावून संगणकानं उभ्या केलेल्या आभासी दृश्यात (यालाच व्हीआर म्हणतात) छोटी कामं करतं, आणि त्याच्या हालचालींवरून आम्ही उतावीळपणा मोजतो. याबद्दल तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून विचारले जातात तसेच इथं लिहिले आहेत. ज्याचं उत्तर दुसरीकडे आलं आहे तिथं त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. उतावीळपणा म्हणजे नेमकं काय? आमचं लेकरू मस्तीखोर आहे, मग ते उतावीळच म्हणायचं का?

नाही, मस्ती वेगळी. दिवसभर उड्या मारणारं लेकरू रस्ता ओलांडताना आईचा हात घट्ट धरून थांबत असेल, तर त्याला उतावीळ म्हणता येणार नाही.

पुस्तकात याला आवेगशीलता म्हणतात. घरात आपण म्हणतो, ‘त्याला दमच निघत नाही.’ पण या एका शब्दाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. सुरू झालेला हात किंवा तोंडाशी आलेला शब्द आवरता न येणं, ही एक. उद्याच्या मोठ्या फायद्यासाठी आजचा लहान फायदा सोडता न येणं, ही दुसरी. आणि पुरता विचार न करता धोका पत्करणं, ही तिसरी. एकाच माणसात तिन्ही असतील असं नाही. वर्गात सरांचा प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर ओरडणारी मुलगी गल्ल्यात वर्षभर पैसे साठवते, हे आम्ही पाहिलेलं आहे. म्हणून ‘किती टक्के उतावीळ आहे ते सांगा’ असं कोणी म्हटलं तर आम्ही टक्का सांगत नाही. तसा एक टक्का नसतोच.

२. प्रश्नावली भरून घेताच ना, मग हे यंत्र कशाला?

प्रश्नावली आम्हीही भरून घेतो. बॅरट यांची प्रश्नावली जगभर चालते, तिच्या १९९५ च्या आवृत्तीत ३० विधानं आहेत आणि प्रत्येकापुढे ‘क्वचित’ ते ‘जवळजवळ नेहमी’ असं उत्तर द्यायचं असतं. तिचा उपयोग आहे: गेल्या कित्येक महिन्यांचं वागणं तिच्यात येतं, आमच्या अर्ध्या तासात ते येत नाही.

अडचण अशी की प्रश्नावलीत माणूस स्वतःबद्दल काय समजतो तेवढंच कळतं, किंवा आई लेकराबद्दल काय समजते ते. आदल्या रात्री घरात भांडण झालं असेल तर सगळ्या खुणा ‘नेहमी’वर पडतात. शिवाय प्रश्नावलीचे गुण आणि प्रत्यक्ष करून दाखवायच्या चाचण्यांचे गुण एकमेकांशी फारच कमी जुळतात. २०११ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हाही हेच दिसलं. म्हणजे यातली एक खरी नि दुसरी खोटी असं नव्हे. दोन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात. एक माणसाची सवय सांगते, दुसरी त्या क्षणाचं आवरणं सांगते.

३. खोलीत गेल्यावर लेकराला काय करावं लागतं?

हेडसेट लावला की समोर आमराई दिसते. हे दृश्य आम्ही मुद्दाम इथल्या लेकरांसाठी बनवून घेतलं. फांदीवर कैरी दिसली की हात लांब करून तोडायची, पटकन. पण चार कैऱ्यांपैकी एका कैरीवर, ती दिसल्यानंतर क्षणभरानं, गांधीलमाशी येऊन बसते. तेव्हा निघालेला हात आवरायचा. अशा २०० कैऱ्या येतात, त्यातल्या ५० वर माशी बसते. मधे दोनदा पाणी पिण्याची सुट्टी.

५० हा आकडा आम्ही मनानं ठरवलेला नाही. ‘थांब’ या इशाऱ्याच्या चाचण्या कशा घ्याव्यात याबद्दल जगभरातल्या संशोधकांनी मिळून २०१९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. थांबण्याचे प्रसंग निदान ५० हवेत आणि ते एकूण प्रसंगांच्या चौथ्या हिश्श्याएवढे असावेत, असं त्यांत आहे.

दुसऱ्या कामात आढी आहे. गवतात आंबे घातलेले दिसतात. आत्ता उचलला तर कच्चा, १ गुण. अर्धा मिनिट थांबलं तर पिकलेला, ५ गुण. याबद्दल प्रश्न १२ मध्ये जास्त लिहिलं आहे.

४. हात-डोकं-मान यांची हालचाल मोजून असं काय कळतं, जे बटण दाबून कळत नाही?

हाच या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

संगणकावरच्या जुन्या चाचणीत बटण दाबलं की चूक, नाही दाबलं की बरोबर. मधलं काही नाही. आता आमराईतला एक प्रसंग पाहा. सातवीतली एक मुलगी. कैरी दिसते, उजवा हात निघतो. हात १२ सेंटिमीटर पुढे गेलेला असताना माशी बसते. हात आणखी ८ सेंटिमीटर जातो, तिथं जागच्या जागी थरथरतो, आणि मग खांदा मागे येतो. हात परत मांडीवर. कैरीला स्पर्श झाला नाही, म्हणजे बटणाच्या भाषेत ‘बरोबर’. तिच्यानंतर आलेल्या मुलाचा हात त्याच जागी जेमतेम २ सेंटिमीटर हलला आणि थांबला. तोही ‘बरोबर’. जुन्या चाचणीत दोघांना सारखेच गुण. पण त्या मुलीला स्वतःला आवरायला केवढा जोर लावावा लागला हे तिच्या हाताच्या वाटेत लिहिलेलं आहे. घरी तिची आई म्हणत होती, ‘हिला काही कळतच नाही.’ तिला कळत होतं. ती दर खेपेला उशिरा का होईना, सावरत होती. ती वाट आम्ही आईला पडद्यावर दाखवली.

हेडसेट आणि हातांत धरायचे दोन कंट्रोलर मिळून तीन ठिकाणं होतात: डोकं आणि दोन्ही हात. प्रत्येकाची जागा तीन आकड्यांत आणि कल तीन आकड्यांत, म्हणजे एका क्षणाला १८ आकडे. हे सेकंदाला ९० वेळा नोंदवले जातात. त्यातून हात कधी निघाला, किती वेगानं, कुठं वळला, कुठं अडखळला, हे सगळं निघतं. पायांची, कमरेची हालचाल हवी असेल तर कॅमेरा लागतो. साध्या कॅमेऱ्याच्या चित्रातून शरीरावरचे ३३ बिंदू ओळखणारी मीडियापाइप नावाची मोफत प्रणाली आहे. आम्ही ती बसलेल्या लेकरांसाठी वापरतो, कारण चुळबूळ हातांपेक्षा आधी पायांत सुरू होते.

५. रिपोर्टमध्ये ‘थांबण्याचा वेळ’ लिहिलाय. थांबलेला हात मोजायचा कसा?

थेट मोजता येत नाही. जे घडलंच नाही त्याला घड्याळ कसं लावणार? म्हणून हिशेबानं काढावा लागतो. लोगन आणि कोवन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली याची रीत मांडली. डोक्यात दोन घोडे धावतात असं समजा: एक ‘तोड’ म्हणतो, दुसरा ‘थांब’. जो आधी पोचेल त्याचं चालतं.

माशी किती उशिरा बसते हे यंत्र बदलत राहतं. लेकरू थांबलं तर पुढच्या वेळी माशी ५० मिलिसेकंद (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) उशिरा, म्हणजे अवघड. नाही थांबलं तर तेवढीच लवकर. असं करत करत लेकरू निम्म्या वेळा थांबतं, निम्म्या वेळा चुकतं अशा जागी येतं. समजा माशी नसताना कैरीला हात लागायला मधोमध धरून ६४० मिलिसेकंद लागतात आणि माशी सरासरी ३३० मिलिसेकंदांनी बसते. फरक ३१०. हा थांबण्याचा वेळ. प्रत्यक्षात आम्ही याहून थोडी बारीक रीत वापरतो, पण कल्पना हीच.

बटणाच्या चाचणीत निरोगी तरुण माणसाचा हा वेळ साधारण २०० ते २५० मिलिसेकंद येतो. इंटरनेटवर तो आकडा वाचून आपल्या लेकराच्या ३१० शी ताडू नका. बोट दाबणं आणि पुरा हात लांब करणं यांत फरक आहे.

६. किती वयापासून करता येते? डोळ्यांवर परिणाम होतो का?

आम्ही १० वर्षांखालच्या लेकरांना हेडसेट लावत नाही. क्वेस्ट हेडसेट बनवणाऱ्या मेटा कंपनीचीही खालची मर्यादा आज १० वर्षांचीच आहे, आधी ती १३ होती. एका वेळी १५ मिनिटांपेक्षा जास्त नाही. चष्मा असेल तर चष्म्यावरच लावायचा, काढायचा नाही. तिरळेपणा असेल किंवा एका डोळ्याची नजर फार कमी असेल तर आधी सांगा. कैरी किती लांब आहे याचा अंदाज चुकतो आणि हाताची वाट उगाच वाकडी दिसते.

७. चक्कर येते म्हणतात, खरं आहे का?

काहींना येते. डोळ्यांना आपण चालतोय असं दिसतं आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला आपण बसलोय असं कळतं, त्या विसंगतीनं मळमळतं. एसटीत घाटात मळमळणाऱ्यांना जास्त. आमच्या दोन्ही कामांत लेकरू एका जागी बसलेलं असतं आणि दृश्यही जागचं हलत नाही, त्यामुळे हा त्रास क्वचित होतो. झाला की लगेच थांबायचं, ‘अजून थोडंच राहिलंय’ असं म्हणायचं नाही. फिट येत असेल किंवा कधी आलेली असेल तर ही चाचणी नाहीच.

८. येताना काय तयारी करून यायचं?

पोटभर जेवून, पुरी झोप घेऊन. डोक्याला त्या दिवशी तेल नको, भिंगावर उतरतं आणि पट्टा घसरतो. मुलींनी दोन वेण्या घालाव्यात. मागे उंच बांधलेली एक शेंडी पट्ट्याखाली दुखते आणि मान सारखी हलत राहते, ती हालचाल मग मोजणीत येते. उन्हातून आल्या आल्या आम्ही चाचणी घेत नाही. एप्रिल-मेमध्ये २० मिनिटं पंख्याखाली बसवतो, घाम सुकला की सुरू.

९. यावरून एडीएचडी आहे की नाही कळतं का?

नुसत्या यावरून नाही. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलता आणि उतावीळपणा यांचा विकार. त्याचं निदान करताना मनोविकारतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून आहेत का, घर आणि शाळा अशा निदान दोन ठिकाणी दिसतात का, सहा महिन्यांहून जास्त टिकली आहेत का, हे सगळं विचारून पाहतात. अर्ध्या तासाच्या आमराईत हे कुठून दिसणार?

मदत मात्र होते. व्हीआरमधला वर्ग उभा करून त्यात लक्ष आणि डोक्याची हालचाल मोजण्याचं काम अमेरिकेत २००० च्या आसपासच सुरू झालं होतं. डोक्याच्या पट्टीवरचा चमकणारा ठिपका कॅमेऱ्यानं टिपणारी क्यूबी चाचणी आहे; तिच्यात व्हीआर नसतं, पण तत्त्व तेच. आरोग्यसेवेसाठी शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०२४ मध्ये ६ ते १७ वर्षांच्या मुलांच्या तपासणीत तज्ज्ञाच्या मुलाखतीबरोबर ती वापरायला मान्यता दिली. ‘बरोबर’ हा शब्द महत्त्वाचा.

आणि आपले अंदाज किती चुकू शकतात ते पाहा. २००६ साली न्यूझीलंडमध्ये एडीएचडी असलेल्या किशोरांना व्हीआरमध्ये रस्ता ओलांडायला लावला. सगळ्यांना वाटेल, ही मुलं धावत सुटली असतील. उलट ती इतरांपेक्षा हळू चालली, आणि तरी त्यांच्या धडका इतरांच्या दुप्पट झाल्या. गाड्यांमधली मोकळी जागा त्यांना नीट वापरता येत नव्हती. घाई डोळ्यांना दिसते तशी नेहमी नसते.

१०. घरी एक मिनिट बसून राहीना, तुमच्याकडे मात्र शहाण्यासारखं बसलं. मग तुमचं यंत्र खोटं का?

यंत्र खोटं नाही आणि तुम्हीही खोटं बोलत नाही. नवी जागा, नवी वस्तू, अनोळखी ताई, पुढे आमराई. अशा वेळी बहुतेक लेकरं चांगली रमतात. म्हणून आम्ही पहिल्या ५० कैऱ्या आणि शेवटच्या ५० कैऱ्या वेगळ्या काढून पाहतो. नवलाई ओसरली की हाताच्या वाटा बदलायला लागतात. शेवटपर्यंत काहीच बदललं नाही, तर लेकराला जमतं एवढं नक्की. मग घरी का जमत नाही हे घरात शोधायचं. झोप, मोबाइल, टीव्ही सुरू ठेवून अभ्यास, घरातली वादावादी. हे बोलणं अवघड असतं, पण आम्ही ते टाळत नाही.

११. शाळेत येऊन घ्याल का? आमच्या पत्र्याच्या वर्गात जमेल का?

येतो, पण खोली बघूनच ठरवतो. यामागे माझी एक चूक आहे आणि ती सांगायला हवी.

पहिल्या वर्षी एका शाळेत दुपारी दोन वाजता चाचणी घेतली. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट आत, खाली चकचकीत फरशी, कोपऱ्यात आरशाचं कपाट. हेडसेट आपली जागा स्वतःच्या कॅमेऱ्यांनी भोवतालच्या खुणा पाहून ठरवतो. फार ऊन, आरसा, एकसारखी चमकणारी फरशी यांनी तो गोंधळतो. डोकं स्थिर असताना नोंदीत ते इकडे-तिकडे उडतं. मी ते आकडे तपासले नाहीत. दोन लेकरांच्या पालकांना ‘चुळबूळ फार आहे’ असं सांगून बसले. आठवड्यानं कच्ची नोंद उघडून पाहिली तेव्हा एका क्षणात डोकं ३० सेंटिमीटर सरकलेलं दिसलं. असं कोणाचंच डोकं सरकत नाही. मी दोघांच्याही घरी जाऊन माफी मागितली आणि चाचणी पुन्हा घेतली. दोन्ही लेकरं अगदी साधी निघाली.

त्या वेळी केलेला हिशेब अजून भिंतीवर लावलेला आहे. टेबलावर ठेवलेल्या हेडसेटची नोंदही दर क्षणाला अर्धा मिलिमीटर डगमगते असं धरा. सेकंदाला ९० नोंदी, म्हणजे ४५ मिलिमीटर. दहा मिनिटांत २७ मीटर. निर्जीव हेडसेट २७ मीटर चालला! म्हणून हालचालीची नुसती बेरीज कोणी रिपोर्टमध्ये लिहिली असेल, तर डगमग गाळून काढली का, हे जरूर विचारा. आम्ही रोज सकाळी रिकामा हेडसेट टेबलावर ठेवून पाच मिनिटांची नोंद घेतो आणि मगच दिवस सुरू करतो.

शाळेत आम्हाला लागतं ते एवढंच: पडदा लावता येईल अशी खोली, खाली सतरंजी, ट्यूबलाइट, झाकता येईल असा आरसा. पत्र्याचं छत चालतं, पण सकाळी ११ पर्यंतच. वीज गेली तर हेडसेट बॅटरीवर चालतो, पण अंधारात कॅमेऱ्यांना दिसत नाही. मधेच वीज गेलेली चाचणी आम्ही धरत नाही, दुसऱ्या दिवशी घेतो.

१२. ‘आत्ता थोडं की नंतर जास्त’ या खेळात आमच्या लेकरानं प्रत्येक वेळी आत्ताचं घेतलं. म्हणजे त्याला भविष्य नाही का?

असं म्हणू नका. या प्रश्नावर मला सर्वात जास्त बोलावंसं वाटतं.

सोयाबीन काढलं की ऑक्टोबरात भाव पडलेला असतो. दोन महिने थांबलं तर कदाचित वाढेल, हे लातूरच्या मोंढ्यात माल आणणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. तरी तो विकतो. कृषी केंद्राची उधारी आहे, हरभरा पेरायचा आहे, ठेवायला जागा नाही. याला उतावीळपणा म्हणायचं? बीडकडचं ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं ते हाताला दम नाही म्हणून नाही, घरात दुसरा पैसा नाही म्हणून. थांबणं त्यालाच परवडतं, ज्याला नंतर नक्की मिळणार याची खात्री असते.

लेकरं हे घरातच शिकतात. मानसशास्त्रज्ञ मिशेल यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात लहान मुलांपुढे गोड खाऊ ठेवून ‘थांबलास तर दोन देईन’ असं म्हणून पाहिलं, ती चाचणी प्रसिद्ध आहे. जी मुलं जास्त थांबली ती पुढे जास्त यशस्वी झाली, असं बरीच वर्षं सांगितलं जात होतं. २०१८ साली ९०० च्या वर मुलांची माहिती घेऊन ते पुन्हा तपासलं, तेव्हा तो संबंध निम्माच उरला, आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर त्यातलाही बराचसा गेला.

म्हणून आमच्या आढीच्या कामात आम्ही किती वेळा थांबलं एवढंच पाहत नाही, थांबताना अंगानं काय केलं तेही पाहतो. काही लेकरं दोन्ही हात मांडीखाली घालून बसतात. काही मान वळवून आमराईच्या दुसऱ्या टोकाला बघत राहतात. जुन्या पद्धतीत याला ‘लक्ष नाही’ म्हटलं असतं. खरं तर मोहाच्या वस्तूवरून नजर काढणं हीच स्वतःला आवरायची युक्ती आहे, मिशेल यांच्या मुलांनीही तीच केली होती. ज्याला हे सुचतं त्याला आवरणं जमतं. ज्याचा हात आंब्यावर तरंगत राहतो त्याला ती युक्ती शिकवता येते.

मागच्या वर्षी एक मुलगा पहिले सहा आंबे कच्चेच उचलत गेला. आई-वडील कारखान्यावर, तो आजीकडे. सातव्या वेळी मी म्हणाले, ‘बाळा, खरंच पिकतो, बघ तरी.’ तो थांबला. पिकलेला आंबा मिळाला. त्यानंतर एकही कच्चा उचलला नाही. त्याच्या रिपोर्टमध्ये मी पहिल्या सहा आंब्यांचा आकडा लिहिला नाही, काय घडलं ते लिहिलं.

१३. मोबाइलवर गेम खेळणारी पोरं यात जास्त गुण घेत नाहीत का?

सुरुवातीला घेतात. म्हणून पहिल्या २० कैऱ्या सरावाच्या, त्या मोजत नाही. दुसरी एक चलाखी हुशार लेकरं करतात: माशी येतेय का ते पाहायला मुद्दाम हात उशिरा काढतात. तसं झालं तर प्रश्न ५ मधला हिशेबच बिघडतो. हाताच्या नोंदीत ते लगेच दिसतं, कारण माशी नसलेल्या कैऱ्यांनाही वेळ वाढत जातो. अशा वेळी आम्ही थांबवून सांगतो, ‘वाट बघायची नाही,’ आणि तो भाग पुन्हा घेतो.

१४. मुलगा नीटची तयारी करतोय. येतं सगळं, पण घाईत चुकतो. याचा सराव करून घाई घालवता येईल का?

लातुरात हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. १८० मिनिटांत १८० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा. घाईची चूक दुखते हे खरं आहे. पण कैऱ्यांचा सराव करून लेकरू कैऱ्यांत तरबेज होतं. तो फायदा पेपरात उतरेल असं आम्ही सांगत नाही, आणि सांगून पैसे घेणाऱ्यांपासून सावध राहा.

आम्ही आधी झोप विचारतो. पहाटे पाचला उठून, क्लास, टेस्ट, रात्री एकपर्यंत अभ्यास करणाऱ्या मुलाचा थांबण्याचा वेळ लांबलेला दिसला, तर त्याला उतावीळ ठरवण्याआधी आठवडाभर सात तास झोपवून पुन्हा बोलवतो. बऱ्याचदा तेवढ्यानं चित्र पालटतं.

१५. औषध चालू आहे. चाचणीच्या दिवशी बंद ठेवायचं का?

स्वतःहून बंद करू नका. ज्या डॉक्टरांनी दिलं त्यांना विचारा, ते सांगतील तसं करा, आणि त्या दिवशी गोळी किती वाजता घेतली ते आम्हाला सांगा. ती वेळ रिपोर्टवर लिहिली जाते.

१६. ड्रायव्हर ठेवायचा आहे, किंवा स्थळ बघतोय. त्या माणसाची चाचणी करून द्याल का?

नाही. नम्रपणे पण ठाम सांगते, नाही.

यामागे आमच्या तत्त्वांइतकंच मोजमापाचंही कारण आहे. २०१८ साली क्रेग हेज हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा प्रकारच्या प्रसिद्ध चाचण्या पुऱ्या गटाच्या सरासरीत अपेक्षित परिणाम छान दाखवतात, पण एकाच माणसाला काही आठवड्यांनी पुन्हा बसवलं तर आकडा बराच बदलू शकतो. दोनदा चाचणी करून दोन आकडे आले म्हणून रागावून फोन करणाऱ्यांनाही माझं हेच उत्तर आहे. हाताची पुरी वाट पाहिल्यानं आम्हाला बटणापेक्षा जास्त दिसतं, पण एका दुपारच्या आकड्यावर कोणाची भाकरी किंवा लग्न ठरवावं इतकं ते पक्कं नाही.

१७. लेकराची माहिती कुठं जाते? नाव काढून टाकलं की झालं ना?

नाव काढून पुरत नाही. २०२० साली अमेरिकेत ५११ जणांच्या व्हीआरमधल्या हालचाली घेतल्या, तेव्हा पाच मिनिटांहूनही कमी नोंदीवरून संगणकानं ९५ टक्के वेळा माणूस बरोबर ओळखला. उंची, हात उचलायची ढब, मान वळवायची सवय, हे सहीसारखंच आपलं असतं. म्हणून कच्ची नोंद आम्ही इंटरनेटवर चढवत नाही, खोलीतल्या एका कुलूपबंद संगणकावर ठेवतो, वर्षानं पुसतो. आधी पुसायला सांगितलंत तर आधी पुसतो.

१८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, हे २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात आहे. लेकराचा स्वतःचा होकारही लागतो. संशोधनासाठी आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांपुढच्या मुलाला विचारावंच लागतं, आणि आम्ही तोच नियम साध्या चाचणीलाही लावतो. आई ‘घ्या’ म्हणाली आणि लेकरू ‘नको’ म्हणालं, तर चाचणी होत नाही. सर्वांना चहा देतो आणि निरोप देतो.

१८. माझा भाऊ रागाच्या भरात जिवाचं बरंवाईट करीन म्हणतो. तो खरंच करील का, हे यात कळेल?

कळणार नाही, आणि त्यासाठी चाचणीची वाट बघू नका. आजच करा. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक आहे, दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. भावाशी सरळ, न रागावता बोला. असं विचारल्यानं मनात नसलेला विचार येत नाही. त्याला एकटं सोडू नका. घरातली फवारणीची औषधं कुलूप लावून दुसऱ्या कोणाकडे ठेवा किंवा घराबाहेर हलवा. तो आवेग पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो, आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं जीव वाचवतं. जवळच्या सरकारी रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग असतो, तिथं घेऊन जा. आम्हाला फोन केलात तर आम्हीही सोबत येऊ.

१९. पायाची चुळबूळ भरपूर, पण चूक एकही नाही. असा रिपोर्ट आलाय, याचा अर्थ काय?

अर्थ हा की त्याला पाय हलवू द्या. चुळबूळ आणि उतावीळपणा या वेगळ्या नोंदी आहेत. काही लेकरांची हालचाल काम अवघड झालं की वाढते, आणि तरी हात बरोबर जागी थांबतो. वर्गशिक्षकांना हा रिपोर्ट दाखवा. पाय हलतो म्हणून शेवटच्या बाकावर बसवत असतील तर ते बदलायला सांगा. मात्र चाचणी कुठं झाली ते आधी पाहा. खोली चांगली नव्हती तर प्रश्न ११ वाचा.

२०. मुलाचा उजवा हात कडबाकुट्टीत गेला, कोपरापासून नाही. त्याची चाचणी होऊ शकते का?

होते. हा प्रश्न परभणीकडच्या एका वडिलांनी विचारला होता आणि त्यांना वाटलं होतं आम्ही नाही म्हणू. डावा हात आणि डोकं एवढं पुरे आहे. कैऱ्या फक्त डाव्या बाजूला येतील असं दृश्य बदलतो. ज्या हातानं आयुष्याची सुरुवात केली तो नाही, म्हणून डाव्या हाताचा वेग सुरुवातीला कमी असतो. त्यामुळे सरावाच्या कैऱ्या २० ऐवजी ६० देतो आणि त्याच्या आकड्यांची तुलना दुसऱ्या कोणाशी न करता त्याच्याच पुढच्या खेपेशी करतो. खांद्याची एक गोष्ट आम्हाला त्याच मुलानं शिकवली. माशी बसली की त्याचा डावा हात थांबायचा, पण उजवा खांदा मात्र पुढे यायचा, जणू नसलेला हात कैरीकडे निघालाय. कॅमेऱ्याच्या नोंदीत ते स्वच्छ दिसत होतं. त्या खांद्याची हालचाल आम्ही आता वेगळ्या रकान्यात लिहितो. येताना पूर्ण बाह्यांचा सदरा नको, बनियन किंवा अर्ध्या बाहीचा टी-शर्ट घाला, म्हणजे खांदा कॅमेऱ्याला नीट दिसतो.